गिटारला किती द्यावेत?

इंदिरानगर, नाशिक
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या तिन्ही जाहिराती पाहिल्या. तू एवढंच विचारलंस, "आई, किती द्यावेत?" गिटार हातात घेतल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. हातात घेतल्यावर मात्र अर्ध्या तासात निघतो. कसा काढायचा ते लिहिते, म्हणजे शनिवारी तुझा तुलाच काढता येईल.

आधी देवळाली कॅम्पवाली बाजूला ठेव. एवढी स्वस्त लेस पॉल (गिब्सनचं महागडं मॉडेल), "बदली झालीय, तातडीने काढायचीय" आणि वर "थोडा ॲडव्हान्स पाठवा, क्यूआर कोड देतो". देवळालीत लष्कराची छावणी आहे, त्यामुळे बदलीची गोष्ट खरी वाटते, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. क्यूआर स्कॅन केला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत कधीच नाहीत. वस्तू बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

सिडकोची आयबानेझ वाईट नसेल, पण तिला फ्लॉइड रोज ब्रिज आहे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग हलता आहे. तो ब्रिज दोन खिळ्यांवर सुरीच्या धारेसारखा टेकलेला असतो. ती धार बोथट झाली की सूर हलवायची दांडी दाबून सोडल्यावर सूर जागेवर येत नाही, आणि धार बघायची तर ब्रिज उतरवावा लागतो. विकणारा तो उतरवू देणार नाही. शिवाय एक तार बदलली तरी सगळ्या तारांचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. पहिल्या गिटारला ही कटकट कशाला? अगदीच आवडली तर भाव पाडून माग.

राहिली गंगापूर रोडची स्क्वायर ॲफिनिटी स्ट्रॅट. स्क्वायर म्हणजे फेंडरचाच स्वस्त ब्रँड. मागणी १८,०००. बाकीचं पत्र तिच्याबद्दल आहे.

विकणाऱ्याने ती कितीला घेतली, हे डोक्यातून काढून टाक. तो बिल दाखवेल. ते बघायचं ते सीरियल नंबरसाठी, रकमेसाठी नाही. सुरुवात करायची ती तेच मॉडेल आज नवीन कितीला मिळतं, त्या आकड्यापासून. तू २६,००० म्हणतेस. तो एका वेबसाइटवरून घेतला असशील तर आणखी दोन ठिकाणी बघ, मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाला फोन कर, आणि प्रत्यक्ष हातात पडण्याचा सगळ्यात कमी भाव धर. छापील किंमत कोणी देत नाही.

वापरलेल्या गिटारच्या जाहिरातीतले आकडेही भाव म्हणून धरू नकोस, त्या नुसत्या अपेक्षा असतात. तीच जाहिरात त्याच आकड्याला दोन महिने दिसत असेल, तर त्या किमतीला नाशकात गिऱ्हाईक नाही एवढंच कळतं. परदेशी साइटवर खरोखर विकल्या गेलेल्या किमती दिसतात, पण डॉलरला रुपयांनी गुणून काही हाती लागत नाही. त्यातून प्रमाण तेवढं घ्यावं: तिकडे त्या मॉडेलची नवीन किंमत किती आणि जुनी किती टक्क्यांना जाते.

नेहमीच्या, कारखान्यात हजारोंनी बनणाऱ्या गिटारसाठी मी ६० टक्के धरते. म्हणजे १५,६००. उरलेले ४० टक्के का सोडायचे? वॉरंटी गेलेली, परत करायची सोय नाही, आणि उद्या तुला विकायची झाली तर तुलाही एवढेच मिळणार. हे ६० टक्के फक्त अशा गिटारला, जी घरी नेऊन तारा बदलून लगेच वाजवता येईल. जे दुरुस्त करावं लागेल ते यातून वजा करायचं.

या वजाबाकीत सगळ्यात मोठा आकडा फ्रेटचा, म्हणजे नेकवर (तारांखालच्या लांब दांड्यावर) बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचा असतो, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. सगळे रंग बघतात. बॉडीवरच्या ओरखड्याने आवाजात काही फरक पडत नाही. फ्रेट मात्र टायरसारखे झिजतात. ते निकेल सिल्व्हरचे असतात, म्हणजे आपल्या भांडीबाजारातलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा अंशही नाही. पोलादी तार त्यावर घासली की खाच पडते. पहिल्या तीन फ्रेटवर पातळ तारांखाली बघ, कारण शिकणारा सगळे कॉर्ड तिथेच धरतो. मग १२ ते १५ बघ, तिथे तार ओढून वाकवतात. तार बाजूला सारून नख फिरव. रेघ नुसती दिसली आणि नखाला लागली नाही तर काही बिघडलं नाही. नख अडकलं तर फ्रेट लेव्हल करावे लागतील. म्हणजे सगळे एका पातळीत घासून पुन्हा गोलाई द्यायची. त्यात सगळ्यांचीच उंची कमी होते, म्हणून हे काम दोन-तीनदाच होऊ शकतं. नवा मध्यम फ्रेट साधारण १.१ मिमी उंच असतो, ०.७ च्या खाली गेला असेल तर लेव्हल करायला काही उरलेलं नाही, सगळे फ्रेट बदलावे लागतील. या किमतीच्या गिटारला तो खर्च परवडत नाही. तशी असेल तर भाव न करता "बघून सांगते" म्हण आणि निघ.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव. २१ फ्रेट असतील तर १२६ सूर, पाच मिनिटं लागतात. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे. तार कुठे झणझणते यावरून दुखणं कळतं. एकाच ठिकाणी झणझण असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. पहिल्या पाच फ्रेटपर्यंत सगळीकडे असेल तर नेक फार सरळ झालीय किंवा मागे झुकलीय. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच खोल कापली गेलीय. बाराव्याच्या पुढेच असेल तर एकतर तारा फार खाली आहेत, नाहीतर नेक बॉडीला जिथे जोडते तिथे फुगवटा आलाय. पहिली तीन दुखणी बरी होतात. फुगवट्याचं काम किचकट.

नेकचा बाक मोजायला व्हिजिटिंग कार्ड ने. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबून धर. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटर फट हवी. कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) थोडा आवळावा लागतो, ते सेटअपमध्येच, म्हणजे गिटार नीट जुळवून घेतानाच होतं. पण रॉड फिरतो का, हे कळायला हवं. त्याला विचार, "दादा, हा पाव फेरा फिरवून बघू का?" नाही म्हणाला तर निदान ॲलन की (षटकोनी चावी) त्यात बसते का ते बघ. आतला षटकोन गोल झाला असेल तर घ्यायची नाही. शेवटी हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघ, दोन रेषा समांतर दिसायला हव्यात. पीळ पडलेली नेक रॉडने सरळ होत नाही.

फ्रेटची टोकं हाताला टोचली तर घाबरू नकोस. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि थंडीत हवा कोरडी झाली की आकसतं, फ्रेट मात्र आहे तेवढाच राहतो. टोकं कानशीने घासली की झालं. हां, गिटार इगतपुरीच्या पावसात चार वर्षं राहिली असेल तर ब्रिजवर तारा टेकतात त्या सॅडलचे बारीक स्क्रू गंजून धरलेत का ते बघ. ते फिरले नाहीत तर तारांची उंची लावताच येत नाही. बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीने मोज: पातळ तारेखाली दीड, जाड तारेखाली दोन मिमीच्या आसपास. तिथेच बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघ. फरक दोन-तीन सेंटच्या (ट्यूनरवरचं सुराचं बारीक माप) आत हवा. जास्त असेल आणि सॅडल मागेपुढे सरकायला जागा असेल तर किंमत कमी करण्याचं कारण नाही.

विजेचं काम सोपं आहे. ॲम्प त्याचा वापरू नकोस, बॅटरीवरचा हेडफोन ॲम्प ने. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची तार नसते. मग गुणगुण गिटारची की घराची तेच समजत नाही, वर तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांखाली आवाज पकडणारे एका वेटोळ्याचे चुंबक, थोडे गुणगुणणारच. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थ तार शाबूत आहे. हात लावल्यावर वाढली तर वायरिंगमध्ये कोणीतरी उलटसुलट केलंय.

मग मल्टिमीटर. केबल गिटारला लाव, दुसऱ्या टोकाच्या पिनच्या टोकाला एक आणि दांड्याला एक प्रोब, व्हॉल्यूम पूर्ण. पिकअप निवडायचा सिलेक्टर १, ३, ५ वर प्रत्येकी पाच ते सात किलोओहम यायला हवेत. २ आणि ४ वर दोन पिकअप समांतर जोडलेले असतात, म्हणून साधारण निम्मे, तीनच्या आसपास. तिथेही सहा दिसले तर दोघांपैकी एक बंद आहे. अडीचशे किलोओहमच्या आसपास दिसले तर पिकअपची तार तुटलीय आणि तू नुसता पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा भाग) मोजतेयस. नॉब फिरवताना खरखर म्हणजे धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. केबल हलवल्यावर आवाज तुटणं म्हणजे केबल खुपसायचा जॅक सैल. दोन्ही मिळून तीनशेचं काम, पण विकणाऱ्याला ते माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही, म्हणून अशा गिटार कधी कधी उगाच मातीमोल जातात.

सीरियल नंबर हेडस्टॉकवर बघ. आयसीएस आणि पुढे १८ असेल तर इंडोनेशियातल्या कॉर्ट कारखान्यात २०१८ मध्ये स्क्वायरसाठी बनलेली. बिल २०२१ चं दाखवून "तेव्हाच नवी घेतली" म्हणाला तर दुकानात पडून असेलही. वय मात्र नंबरवरून धरायचं. हेडस्टॉकवर मोठ्या अक्षरात फेंडर आणि बाकी सगळं स्क्वायरचं, असंही दिसतं. नुसतं स्टिकर असतं ते. पुढे कधी लेस पॉल बघितलीस तर नटच्या मागे, नेक आणि हेडस्टॉक मिळतात तिथे रंगाखाली केसासारखी रेघ शोध. हेडस्टॉक मागे कललेला असतो, लाकडाचे तंतू तिथे आखूड पडतात, आणि ट्रस रॉडची खाचही तिथेच. गिटार पडली की तिथूनच मोडते. चांगली चिकटवलेली वाजते झकास, पण किंमत निम्म्याच्या आसपास येते. आणि गिव्हसन हा कोलकात्याचा वेगळा ब्रँड आहे, गिब्सन नव्हे. जाहिरातीत दोन्ही एकच समजून लिहिलेलं असतं.

तो म्हणेल, "पिकअप बदललेत, ८,००० घातलेत." त्या ८,००० चे फार तर अडीच हजार धर, तेही जुने पिकअप सोबत देणार असेल तर. दुसऱ्याच्या आवडीचे पैसे आपण का भरायचे?

आता हिशोब. समज, फ्रेट लेव्हल करावे लागतील, जॅक सैल आहे, बाकी ठीक. १५,६०० मधून फ्रेट आणि सेटअप मिळून २,५०० वजा, त्यानंतर नव्या तारा लागतातच, त्यांचे ७००, जॅकचे ३००. राहिले १२,१००. बॅग चांगली पॅडिंगवाली असेल तर तिचे ६०० मिळव. केबल आणि पट्ट्याचे काही नाही. झाले १२,७००. दुरुस्तीचे आकडे मी अंदाजाने धरलेत, कॉलेज रोडला जो सेटअप करून देतो त्याला फोन करून खरे विचार आणि तेच वजा कर. मुंबईला जाऊन याहून थोडी स्वस्त मिळेल, पण जाण्यायेण्याचे पैसे आणि दिवस धरलास तर पाचशे इकडेतिकडे, म्हणून १३,००० पर्यंत जायला हरकत नाही. फ्रेट चांगले निघाले तर साडेपंधरापर्यंत दे आणि जास्त ताणू नकोस.

पहिला आकडा ११,५०० सांग. त्याच्या खाली जाऊ नकोस; समोरचाही विद्यार्थीच आहे, आणि ८,००० म्हणालीस तर तो पुढचं ऐकूनच घेणार नाही. कारण सांगून माग: "दादा, दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटला नख अडकतंय, लेव्हल करायला एवढे सांगितलेत." "मित्राने सांगितलं जास्त आहे" हे कारण नव्हे. आणि त्याने बोलता बोलता स्वतःच १०,००० म्हटलं तर आनंदाच्या भरात पैसे काढू नकोस, आधी बिल आणि नंबर ताडून बघ. चोरीची गिटारही स्वस्तच असते.

सीरियल नंबरचा आणि हेडस्टॉकच्या मागच्या बाजूचा फोटो आजच मागव. मल्टिमीटर, पट्टी आणि ॲलन कीचा डबा खालच्या कपाटात ठेवलाय. केबल तुझी आण, इथली खरखरते. सकाळच्या एसटीने नाशकात द्वारका चौकात उतरलीस की फोन कर, बाबा घ्यायला येतील. त्यांना गंगापूर रोडला सोबत ने, पण भाव करताना बाहेर थांबायला सांग. त्यांना घाई असते आणि ते मागेल तेवढे देऊन टाकतात.

तुझी,
आई