आडनावाच्या शेपटावरून धर्म ठरवू नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या आडनावांविषयी जी चौकट छापून आली, तिच्यातील दोन विधाने वाचून हे पत्र लिहावयास बसलो. पहिले विधान असे, की ज्या युरोपीय आडनावाच्या शेवटी ‘विच’ किंवा ‘विट्झ’ येते ते ज्यू समजावे. दुसरे असे, की रशियन स्त्रीच्या आडनावातील ‘ओव्हा’ लग्नानंतर लागतो. दोन्ही विधाने चुकीची आहेत. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे नाशिकजवळच्या एका कारखान्यात रशियन अभियंत्यांचा दुभाषी म्हणून गेली आणि या नावांशी रोजच गाठ पडत असे. त्या अनुभवाच्या, आणि निवृत्तीनंतर घडलेल्या वाचनाच्या आधारे थोडे विस्ताराने लिहितो. जागेअभावी काटछाट करावी लागली तरी माझी हरकत नाही, दुरुस्ती तेवढी छापावी.

आपल्याकडे गावात अनोळखी पोर दिसले, की पारावरची म्हातारी माणसे विचारतात, “कोणाचा रे तू?” रशियन आडनाव हे मुळात याच प्रश्नाचे उत्तर आहे. ‘इवानोव्ह’ म्हणजे ‘इवानचा’, ‘पेत्रोव्ह’ म्हणजे ‘पेत्रचा’. मराठीत जसा ‘चा’ मुलीच्या बाबतीत ‘ची’ होतो, तसा ‘इवानोव्ह’ मुलीच्या बाबतीत ‘इवानोव्हा’ होतो. मुलगी जन्मल्या दिवसापासून इवानोव्हाच असते. अंतराळात गेलेली पहिली स्त्री वालेन्तिना तेरेश्कोव्हा १९६३ च्या जूनमध्ये अंतराळात गेली आणि तिचे लग्न त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये झाले. नवऱ्याचे आडनाव निकोलायेव्ह होते. तेरेश्कोव्हा हे तिच्या वडिलांचे, म्हणजे तेरेश्कोव्ह यांचे आडनाव. ‘ओव्हा’चा संबंध लग्नाशी नसून लिंगाशी आहे.

‘विच’चे प्रकरण याहून रंजक आहे. रशियन माणसाच्या नावाचे आपल्यासारखेच तीन भाग असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. फरक इतकाच, की वडिलांचे नाव आपण आहे तसे मध्ये ठेवतो आणि रशियन माणूस त्याला मुलासाठी ‘ओविच’ आणि मुलीसाठी ‘ओव्ना’ असा प्रत्यय लावतो. शिवाय रशियन स्त्रीच्या नावातले वडील लग्नानंतरही तिथेच राहतात, आपल्यासारखी नवऱ्याला जागा करून देत नाहीत. आदराने बोलावयाचे असेल तर आडनाव घेतच नाहीत. नाव आणि पितृनाम एवढेच, जसे आपण ‘केशवराव’ म्हणून थांबतो. आमच्या कारखान्यात यामुळे एकदा मोठी गंमत झाली. नव्याने आलेल्या दोन अभियंत्यांनी रीतीप्रमाणे नाव आणि पितृनाम सांगून ओळख करून दिली. दोघांच्याही वडिलांचे नाव प्योत्र, त्यामुळे दोघेही पेत्रोविच. फाटकावरच्या कारकुनाने पासावर ‘पेत्रोविच’ हेच आडनाव चढवले, आणि विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाने ते वाचून दोघा ‘सख्ख्या भावां’ना एकच खोली दिली. त्यांनीही बिचाऱ्यांनी पहिली रात्र निमूटपणे काढली.

आता हेच ‘ओविच’ पितृनाम कुठे कुठे गोठून कायमचे आडनाव झाले आहे. २०१५ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या बेलारूसच्या लेखिकेचे संपूर्ण नाव स्वेतलाना अलेक्सांद्रोव्ना अलेक्सिएविच. यातील ‘अलेक्सांद्रोव्ना’ हे ताजे पितृनाम, वडील अलेक्सांद्र म्हणून. ‘अलेक्सिएविच’ हे कोणा पूर्वज अलेक्सेईचे गोठलेले पितृनाम, म्हणून ते बाईसाठी बदलतही नाही. रशियन कान हा फरक उच्चारातही पकडतो: अब्रामोविच हे पितृनाम असेल तर जोर ‘ब्रा’वर येतो, आडनाव असेल तर ‘मो’वर. कारकुनाच्या कागदावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

हा ‘विच’ एके काळी दर्जाची खूण होती. जुन्या मॉस्को राज्यात तो बड्या सरदारांनाच लावता येई; स्त्रोगानोव्ह हे व्यापारी घराणे मिठाच्या धंद्यात गब्बर झाले तेव्हा १६१० मध्ये झारने त्यांना तो लावण्याचा खास हक्क बहाल केला. बाकीच्यांनी आपल्याला ‘इवान पेत्रोव्ह’, म्हणजे ‘इवान, पेत्रचा मुलगा’, अशा धर्तीवर ‘ओव्ह’ लावून लिहून घ्यावे. पुढे गंमत अशी झाली, की खालच्या दर्जाचे हे ‘ओव्ह’ रूपच देशभर आडनाव म्हणून रुजले. ते रुजेपर्यंत आडनाव पिढीगणिक सरकत असे. रोमानोव्ह राजघराण्याचेच पाहावे. मूळ पुरुष आंद्रेई कोबिला, म्हणजे ‘घोडी’. त्याच्या मुलाचे टोपणनाव कोश्का, म्हणजे ‘मांजर’, म्हणून पुढचे वंशज कोश्किन. मग झाखारी नावाच्या पुरुषावरून झाखार्यिन, युरीवरून युर्येव्ह, आणि अखेर रोमान युर्येविचवरून रोमानोव्ह. १६१३ मध्ये या घराण्यातला मिखाईल गादीवर बसला आणि सरकते आडनाव तिथे थांबले. काही पिढ्या आधी गादी मिळाली असती तर रशियावर ‘मांजर’ घराण्याने राज्य केले असते! खेड्यातल्या माणसाला मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. १८६१ मध्ये भूदासप्रथा संपली, त्यानंतर असंख्य शेतकऱ्यांच्या नावापुढे सरकारदप्तरी पहिल्यांदाच आडनाव लागले.

रशियाच्या बाहेर प्रत्यय बदलतात, तत्त्व तेच राहते. सर्बियात आणि क्रोएशियात ‘इच’चे राज्य आहे: योव्हानोविच, पेत्रोविच, आणि आपल्या क्रीडापानावर रोज दिसणारा जोकोविच. आपल्या चौकटीचा नियम लावला तर हा आपल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती श्रद्धेविषयी उघडपणे बोलणारा टेनिसपटू ज्यू ठरेल, आणि त्याच्याबरोबर जवळजवळ सगळा सर्बिया. युक्रेनमध्ये ‘एन्को’ आणि ‘उक’ येतात, आणि पुष्कळदा बापाच्या नावाऐवजी त्याच्या धंद्याला लागतात. शेव्हचेन्को म्हणजे चांभाराचा पोर, कोव्हालेन्को म्हणजे लोहाराचा. पोलिश ‘स्की’ बहुधा गावावरून येतो, आपल्या ‘कर’सारखा, तो या पत्राचा विषय नव्हे.

ज्यूंनी हे प्रत्यय घेतले ते का, हा खरा प्रश्न आहे. पूर्व युरोपातल्या ज्यूंना पिढ्यान्‌पिढ्या आडनावाची गरजच नव्हती. धार्मिक कार्यात ‘अमुक बेन तमुक’, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, एवढ्यावर भागत असे. आडनावाची सक्ती आली ती सरकारांकडून, करवसुली आणि सैन्यभरतीच्या सोयीसाठी. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने १७८७ मध्ये हुकूम काढला आणि आडनाव जर्मनच हवे असे ठरवले, म्हणून त्याच्या अमलाखालील गॅलिशियात जर्मन घडणीच्या नावांची रेलचेल झाली. रशियाने १८०४ मध्ये सक्ती केली, पण भाषेची अट घातली नाही, त्यामुळे तिथल्या ज्यूंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचेच प्रत्यय उचलले. म्हणजे शेपूट शेजाऱ्याचे आणि मूळ नाव घरचे. हर्शकोविच, लेइबोविच, बेर्कोविच, वुल्फोविच या नावांमागे अनुक्रमे हरीण, सिंह, अस्वल आणि लांडगा आहेत, आणि ते यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या घरगुती, भाषेतले आहेत. बायबलमध्ये याकोब मरणापूर्वी मुलांना आशीर्वाद देतो तेव्हा यहूदाला सिंहाची, नफतालीला हरणीची आणि बेंजामिनला लांडग्याची उपमा देतो. त्यावरून यहूदा नावाच्या माणसाला घरात ‘लेइब’ म्हणण्याची चाल पडली आणि त्याचा मुलगा दप्तरात लेइबोविच झाला. हेच नाव जर्मन लिपिकाने लिहिले तर ‘लेइबोविट्झ’, रुमानियन लिपिकाने लिहिले तर ‘लेइबोविची’. मॉस्कोविट्झचा मॉस्को शहराशी संबंध नाही. तो मोश्कोचा, म्हणजे मोशेचा (मोझेसचा), मुलगा.

इथेच मातृनामी आडनावांचा उल्लेख करावयास हवा, कारण ती बेलारूसच्या, विशेषतः मोगिल्योव्हकडच्या, ज्यूंचे वैशिष्ट्य आहे. रशियनमध्ये ‘आ’कारान्त नावाला ‘ओव्ह’ लागत नाही, ‘इन’ लागतो; निकिता या पुरुषावरून निकितिन. त्याच नियमाने रिव्का या बाईवरून रिव्किन, द्वोरावरून द्वोर्किन, सारेवरून सोर्किन, खायावरून खायकिन. दुकान आणि बाजार बाई सांभाळत असल्याने पोरे तिच्या नावाने ओळखली जात, असे याचे एक कारण सांगितले जाते. “कोणाचा रे तू?” या प्रश्नाला “आईचा” असे उत्तर सरकारदप्तरात कायमचे नोंदले गेल्याची उदाहरणे जगात फारशी नसावीत.

तेव्हा ओळख पटवायचीच असेल तर प्रत्ययाकडे न पाहता मूळ नावाच्या रूपाकडे पाहावे. मोइसेयेव्ह आणि मोश्कोविच, दोघांचाही पूर्वज मोझेसच; पण पहिले रूप रशियन चर्चच्या पंचांगातले, दुसरे यिद्दिश घरातले. नुसते बायबलमधले नाव दिसले म्हणून निष्कर्ष काढणेही धोक्याचे आहे. रशियन लेखक सोल्झेनित्सिन यांचे पितृनाम इसायेविच. वडिलांचे नाव इसाकी, म्हणजे आयझॅक, आणि घराणे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. सेंट पीटर्सबर्गचे सर्वांत भव्य चर्च संत इसाकीच्या नावाचे आहे, हे लक्षात घेतले तर आश्चर्य वाटणार नाही.

प्रत्ययाचा मालक सरकार असते, हे नईम सुलेमानोग्लू या वेटलिफ्टरच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसते. बल्गेरियातल्या तुर्की मुस्लिम घरात तो नईम सुलेमानोव्ह म्हणून जन्मला. ऐंशीच्या दशकात बल्गेरियन सरकारने तुर्कांची नावे जबरीने बदलली तेव्हा तो नाउम शालामानोव्ह झाला. १९८६ मध्ये तो तुर्कस्तानात पळाला आणि १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याने ‘सुलेमानोग्लू’ या नावाने घेतले. तुर्की ‘ओग्लू’ म्हणजेही मुलगाच. ताजिकिस्तानचे अध्यक्ष रहमोनोव्ह यांनी २००७ मध्ये ‘ओव्ह’ गाळून नुसते रहमोन हे नाव घेतले. इस्राएलमध्येही हेच घडले. दुसरे राष्ट्राध्यक्ष बेन-झ्वी हे जन्माने शिमशेलेविच. म्हणजे त्यांनी एक पितृनाम टाकून वडिलांच्या झ्वी या नावावरून दुसरे पितृनाम घेतले. गोल्डा मेयर्सन १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा ‘सन’, म्हणजे मुलगा, वगळून गोल्डा मेईर झाल्या.

आणि ‘विच’ म्हणजे ज्यू असे छापताना आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू मंडळींची तरी आठवण व्हावयास हवी होती. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल; आणि हिंदी चित्रपटांतले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गावचे ‘कर’.

पुढील अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती: ‘विच’ हा स्लाव्ह भाषांतला ‘मुलगा’ या अर्थाचा प्रत्यय असून तो ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम अशा सर्वांच्या नावांत आढळतो, ‘ओव्हा’ हे ‘ओव्ह’चे स्त्रीलिंगी रूप आहे. आणि त्याच चौकटीत ज्या रशियन मुत्सद्द्याचा उल्लेख नुसता ‘सेर्गेयेविच’ असा केला आहे, त्याचे आडनावही कृपया द्यावे. आपण त्याला फक्त सेर्गेईचा मुलगा म्हटले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त दुभाषी, नाशिक