बाबांच्या तक्त्यात आईची एक ओळ

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

सोमवारपासून बाबांच्या मेंदूतल्या गाठीवर रेडिएशन सुरू होतंय. सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशी ३० सत्रं, म्हणजे सहा आठवडे. सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची कॅप्सूल, ती मात्र शनिवार-रविवारीही. मग साधारण महिनाभर विश्रांती आणि पुढे २८ दिवसांतले ५ दिवस कॅप्सूल, अशा सहा फेऱ्या. आई, सगळं मिळून जवळजवळ आठ महिने होतात. एवढा काळ अर्धवट झोपेवर आणि उभ्या उभ्या जेवून निभत नाही. म्हणून बाबांच्या औषधांच्या तक्त्यात मी एक ओळ तुझीही घातली आहे: चालणं, रोज ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. बाबांच्या गोळ्यांसारखीच तिच्यापुढेही खूण करायची. तुझी बीपीची गोळीही त्याच डब्यात ठेव, ती आधी विसरली जाते.

३० मिनिटं सलग मिळणार नाहीत. १०-१० मिनिटांचे तीन तुकडे चालतात. पहिला तुकडा हॉस्पिटलमध्येच मिळेल. डोकं स्थिर ठेवणारा मास्क लावून बाबांना नीट झोपवणं आणि प्रत्यक्ष रेडिएशन यात १५-२० मिनिटं जातात. त्या वेळी वेटिंग रूममध्ये फाइल मांडीवर घेऊन बसू नकोस. तंत्रज्ञांना सांगून, फोनचा आवाज मोठा ठेवून कॉरिडॉरमध्ये चाल. वेग असा ठेव की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

थकवा पहिल्या आठवड्यात फारसा दिसत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून चढतो आणि रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. ‘उपचार संपले आणि हे जास्तच झोपतात’ म्हणून घाबरायला होतं, पण तो थकवा बहुधा अपेक्षितच असतो. बाबा दुपारी झोपले की त्या वेळात कपाटं आवरायला घेऊ नकोस, तूही आडवी हो.

आता उठवण्याबद्दल, कारण पाठ इथेच जाते. मेंदूची सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, त्यामुळे सोफ्यावरून आणि कमोडवरून उठणं जड जातं. त्यात बाबांची डावी बाजू कमजोर. आपण सहज त्यांचा डावा हात धरून ओढतो. त्याने त्यांचा खांदा दुखावतो आणि तुझी कंबर धरते. हाताच्या, जरा उंच खुर्चीत बसवायचं. उठताना बाबांनी आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, उजवा हात खुर्चीच्या हातावर. मग पुढे इतकं वाकायचं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि ‘एक, दोन, तीन’ला उठायचं. तू त्यांच्या डाव्या बाजूला, गुडघे वाकवून, त्यांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून उभी राहा. तो पट्टा कसा बांधायचा ते फिजिओथेरपिस्टकडून हातात घेऊन शिकून घे. बाबा घसरू लागले तर उचलून धरायला जाऊ नकोस. तुझ्या पायाच्या आधाराने त्यांना हळूच खाली बसू दे आणि मदतीला हाक मार. यासाठी तुझ्या पायांत ताकद हवी, म्हणून रोज १० वेळा खुर्चीतून हात न टेकता ऊठ-बस कर आणि ओट्याला धरून एकेका पायावर १० सेकंद उभी राहा.

झोपेचा शत्रूही डेक्सामेथासोनच. दुसरा डोस संध्याकाळी पडला तर बाबा रात्री दोनला टक्क जागे, आणि तूही. डॉक्टरांना विचार की तो दुपारीच देता येईल का. स्वतःहून वेळ बदलू नकोस, आणि अचानक बंद तर मुळीच करायचं नाही.

बाबा, तुमची चिडचिड वाढली तर तो तुमचा दोष नाही. गाठीमुळे होतं, डेक्सामेथासोनने होतं, फिटच्या लेव्हेटिरॅसिटॅमनेही होतं. आई, ती मनाला लावून घेण्याआधी तारीख-वेळ लिहून डॉक्टरांना दाखव. डोस किंवा औषध बदलता येतं. पण फिटची गोळी चुकवली तर फिट येऊ शकते.

‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे बरेच असतात. त्यांना नेमकं काम सांगायचं: मंगळवारी आणि गुरुवारी हॉस्पिटलला सोबत, शनिवारी सकाळी दोन तास बाबांजवळ बसणं. नातेवाइकांना खबर द्यायचं काम माझं. तुला कुणाचा फोन आला तर माझं नाव सांग. हॉस्पिटलच्या समुपदेशकांना पहिल्याच आठवड्यात भेट, कोलमडेपर्यंत थांबू नकोस. सलग दोन आठवडे झोप-भूक गेली किंवा कशातच मन लागेना, तर स्वतःच्या डॉक्टरांना सांग.

बाबांजवळ बसणाऱ्यासाठी एक कागद पलंगाशेजारी चिकटव. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा आली तर रुग्णवाहिका. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर लगेच डॉक्टरांना फोन, कारण कॅप्सूलने पांढऱ्या पेशी कमी होतात. वाढती डोकेदुखी, सारखी उलटी किंवा गुंगी आली तरी तसंच. खाली तुझा आणि माझा नंबर. हा कागद असला की तुझा पाय निर्धास्त दाराबाहेर पडेल.

रविवारी सकाळी सातला मी व्हिडिओ कॉल करते. फोन बाबांच्या उजव्या बाजूला टेबलावर टेकवून ठेव, डावीकडचं त्यांच्या नजरेतून सुटतं. खोलीत जे कुणी बसेल त्याला कागद दाखव आणि तू चपला घाल. अर्धा तास आम्ही दोघं बोलत बसू.

तुमची,
ताई