पॅनल बांधावर की सबस्टेशनजवळ?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर सोलरवर दोन पत्रं आली. एकाचं म्हणणं सोलर म्हणजे शेतकऱ्याचं सोनं, दुसऱ्याचं म्हणणं सोलर म्हणजे उद्याचा भंगार, त्यापेक्षा कोळसा बरा. दोघांनीही रात्री दारं धरलेली, म्हणजे पिकाला पाणी दिलेलं दिसत नाही, म्हणून म्हटलं आपण लिहावं. आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. माझ्या विहिरीवर लाइटीची मोटर आणि धाकट्या भावाच्या बोअरवर ५ एचपीचा सोलर पंप, मध्ये फक्त एक बांध.

लाइटीचं आधी सांगतो. आठवड्याची पाळी, एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास, तेही कागदावर. रात्री बाराला थ्री फेज, म्हणजे मोटर चालेल अशी लाइट येणार, थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं, एका हातात बॅटरी, एका हातात खोरं आणि नजर पायाखाली सापासाठी. त्यात सगळ्यांनीच स्टार्टरला ऑटो बसवलेला, लाइट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपी जळतो, मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर घाला, वायरमनच्या मागं फिरा आणि तोवर पीक वाळताना बघत बसा. हे भोगलेल्या माणसाला सोलर नको म्हणून समजवायला जाऊ नये.

धाकट्यानं १० टक्के भरून पंप घेतला, आता तो रात्री घोरतो. पण त्याच्याकडचं सगळंच गोड नाही. सकाळी नऊच्या पुढं धार धरते, बारा ते दोन पाइप भरून चालतो, चारनंतर धार मान टाकते. ऑगस्टात पावसानं ताण दिला पण आभाळ गच्च भरलेलं, म्हणजे पाऊसही नाही न ऊनही नाही, सोयाबीन माना टाकतंय आणि पंप नुसता गुळण्या टाकतोय. शेजारी मळणी झाली की काचांवर भुसा बसतो, मग भावजय जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत बसते. गारपिटीत दोन प्लेटा फुटल्या, पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं असं लिहून दिलेलं असताना माणूस यायला दीड महिना लागला.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. सगळ्यात कडक ऊन एप्रिल-मेचं, आणि तेव्हाच आमच्याकडं बोअर आटलेली असते! पावसाळ्यात, असा ताण सोडला तर, मोटरीचं कामच नाही. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने पॅनल नुसतं ऊन खात उभं, आणि ती वीज तारेत सोडायची सोय नाही कारण पंपाला तारच नाही. पंप चालवणारा डबा, म्हणजे कंट्रोलर बदलला तर त्याच प्लेटांवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालू शकते, पण आमच्या भागात ते बसवलेलं मी एकही बघितलं नाही.

त्यापेक्षा तेच पॅनल सबस्टेशनजवळ एका जागी लावले आणि शेतीचा सगळा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून शेतांकडं येणारी लाइन, दिवसा त्यावर चालवला तर? कल्पना माझी नाही, २०१७ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना तीच आहे, राळेगणसिद्धीला आधी करून बघितलं, २०२३ला तिचाच दुसरा टप्पा काढला. ढग आले तर ग्रिडची वीज येते, मे महिन्यात विहिरी कोरड्या असल्या तर ती वीज दुसरीकडं जाते, प्लेट पुसायला आणि राखणीला एक माणूस पुरतो. असं असून नवं कनेक्शन मागायला गेलं की सोलर पंपच घ्या म्हणतात, हे मला पटत नाही. माणसाला निवडू द्या ना.

आता यातही मेख आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं, त्यामुळे ज्याचा माळ पडीक आहे त्याची चांदी. पण गायरान दिलं तर ग्रामपंचायतीला पैसे मिळतात आणि ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही, चार शेरडं आहेत, त्यानं ती कुठं चारायची? मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणारी कितीतरी घरं आहेत, त्यांना ठरावाच्या वेळी कोण विचारतं. माझं मत, आधी खडकाळ खाजगी माळ संपवा, मगच गायरानाकडं बघा, युनिट थोडं महाग पडलं तरी चालेल.

कोळसावाल्या पत्रलेखकांना एवढंच, परळीचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र, आमच्यापासून लांब नाही. राखेचं सोडा, २०१३ला आणि २०१५ला ते दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवायची वेळ आली होती. कोळशालाही पाणी लागतं, आणि ते आमच्याच धरणातलं. भंगाराचं म्हणाल तर मुद्दा खरा आहे, २०२२च्या ई-कचरा नियमात सोलरच्या प्लेटा आल्यात, पण बांधाबांधावर विखुरलेल्या फुटक्या प्लेटा गोळा कोण करणार? आमच्या त्या दोन अजून गोठ्याच्या पत्र्यावर आहेत, गळकी जागा झाकायला. एका जागच्या हजार प्लेटा उचलणं सोपं.

पाण्याचं मात्र ना लाइटीवाले बोलतात ना सोलरवाले. ७.५ एचपीपर्यंत बिल माफ झालं आणि सोलरला तर बिलच नाही, मग मोटर बंद कशाला करायची? ज्या रात्रीच्या लाइटीला आयुष्यभर शिव्या दिल्या, तिच्या जाण्या-येण्यानंच आमची बोअर एवढी वर्षं टिकली असं आता वाटायला लागलंय. धाकट्याला म्हटलं ठिबक कर, तर त्यानं अर्ध्या एकराला केलं आणि बाकीच्यात ऊस लावला. त्यावरून सध्या आमचं बोलणं बंद आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. माजलगाव, जि. बीड