खरूज एकट्या मुलीची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आश्रमशाळांची वसतिगृहं पुन्हा भरतील. थोड्याच दिवसांत कुठे ना कुठे मुलं खाजवू लागतील, त्यातल्या दोन-चार जणांना ट्रंकेसकट घरी धाडलं जाईल, आणि तरीही महिना-दीड महिन्यात निम्मं वसतिगृह खाजवत असेल. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी बावीस वर्षं काढली. हे चक्र दरवर्षी पाहिलं. त्यातली बरीच वर्षं मीही मुलींना असंच घरी धाडलं, आणि त्याची बोच अजून आहे, म्हणून हे पत्र.

खरूज रात्री चढते. दिवे मालवले की हॉलमध्ये नखांचा खरखर आवाज सुरू व्हायचा. एक थांबली की दुसरी. पाचवीतली एक मुलगी होती, तिच्या बोटांच्या बेचक्यात इतक्या पुळ्या झाल्या होत्या की पेन धरता येईना. तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी तिच्याच पेनातली शाई तिच्या मनगटावर चोळली आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढली. सगळी शाई गेली, पण एक केसासारखी बारीक, वाकडीतिकडी निळी रेघ तेवढी राहिली. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे बीळ. याच्या टोकाला मादी बसलेली असते.” ही खरजेच्या किड्याची मादी, 0.3 ते 0.4 मिलिमीटरची असते. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात ती बोगदा खणत पुढे जाते आणि महिना-दीड महिन्याच्या आयुष्यात रोज दोन-तीन अंडी घालते. एवढं रान उठवणारे किडे साधारण रुग्णाच्या अंगावर असतात किती, तर दहा-पंधरा. खाज त्यांच्या चावण्याची नसते. ते, त्यांची अंडी आणि विष्ठा अंगाला सोसत नाही, त्याची ती खाज असते.

तोवर मी काय करत होते? गोधड्या उन्हात टाकायच्या, चादरी सोडा घालून उकळायच्या, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी घालायच्या. आणि मुलींना स्वच्छतेवर बोलायचं. ते ऐकताना त्या मुलीनं खाली घातलेली मान मला आजही दिसते. खरूज म्हणजे घाण, अशी आपली पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे हे 1941 सालीच दिसून आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात खरूज पसरली होती आणि कपडे-ब्लँकेटं निर्जंतुक करण्याचा मोठा खटाटोप चालू होता. शेफिल्डमध्ये केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञानं, युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिलेल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेतलं. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे त्यांनी अंगात घातले, त्यांच्या ब्लँकेटांत ते उघड्या अंगानं झोपले. लागण झाली ती अगदी थोड्यांना. रुग्णाच्या शेजारी एकाच अंथरुणात रात्र काढली तेव्हा मात्र झाली. कातडीला कातडी बराच वेळ लागली की किडा इकडून तिकडे जातो. थंडीत एका गोधडीत तिघी झोपतात तिथे काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. त्यात त्या मुलींचा दोष तो काय?

याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली, आणि माझ्या मते सगळं गाडं तिच्यावर अडलं आहे. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे खाजच येत नाही. किडा अंगावर असतो, अंडी घालत असतो, शेजारणीला लागत असतो, आणि बाई विचारतात तेव्हा मुलगी खरं तेच सांगते, “मला काही होत नाही.” आपण खाजवणाऱ्या चौदा मुली वेगळ्या काढतो, चौदा ट्यूबा मागवतो. लागण झालेल्या पण अजून न खाजवणाऱ्या पंचवीस जणी हॉलमध्येच राहतात.

त्या डॉक्टरबाई मागे लागल्या म्हणून एका वर्षी आम्ही सगळ्यांनाच औषध लावलं. शहाऐंशी मुली, स्वयंपाकी, कामाठी, मी आणि माझ्या घरची माणसं. एकाच रात्री. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यात. मोठ्या मुलींनी लहानग्यांच्या पाठी चोळल्या. सकाळी आंघोळ. उतरवलेले कपडे गोणीत बांधून चार दिवस बाजूला ठेवले, कारण अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तगत नाही. आठव्या दिवशी पुन्हा तेच. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, हे डॉक्टरबाईंनी आधीच बजावून ठेवलं म्हणून बरं. नाहीतर मीच “औषध लागू पडलं नाही” म्हणून मेडिकलमधून खाज थांबवणारी ट्यूब आणली असती. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. पुरळ झाकलं जातं, खाज दबते आणि किडे मजेत वाढतात. पालकांनी यापासून फार जपावं.

महिन्यानं हॉल रात्री शांत झाला. पण दिवाळीनंतर तिघी पुन्हा खाजवत आल्या, कारण घरी धाकटी भावंडं तशीच होती.

याचंही उत्तर संशोधनात आहे. 2012 मध्ये फिजीच्या बेटांवर एक मोठी चाचणी झाली, 2015 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही बेटांवर फक्त रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना औषध दिलं, काहींवर सरसकट सगळ्यांना परमेथ्रिन, काहींवर सरसकट सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. वर्षभरानं पहिल्या गटातली खरूज 36.6 टक्क्यांवरून 18.8 वर आली. परमेथ्रिनच्या गटात ती 41.7 वरून 15.8 वर आली, आणि गोळ्यांच्या गटात 32.1 वरून 1.9 टक्क्यांवर. पिकलेल्या फोडांचं प्रमाणही त्याबरोबर घसरलं. हे महत्त्वाचं आहे, कारण खरूज नुसती खाजेवर थांबत नाही. हा किडा काचेच्या नळीत वाढत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी डुकरांवरचे खरजेचे किडे वापरून अभ्यास केला. किडा जी प्रथिनं सोडतो ती कातडीतली आपली संरक्षणव्यवस्था ढिली पाडतात आणि स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूला रान मोकळं होतं, असं त्यांना दिसलं. खाजवून चिघळलेल्या जखमांतून हाच जिवाणू पुढे लहान मुलांच्या मूत्रपिंडाला सूज आणू शकतो. माझ्याकडच्या एका मुलीचा चेहरा सकाळी सुजलेला दिसायचा, लघवी चहासारखी व्हायची. तिला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं. ती बरी झाली, पण तिची सहामाही बुडाली.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. जगात कोणत्याही वेळी 20 कोटींहून अधिक लोकांना ती असते. आपल्याकडे ती अजूनही अधीक्षिकेच्या कपाटातल्या चार ट्यूबांवर सोडलेली आहे.

माझं मागणं मोठं नाही. खाजणाऱ्या मुलांची यादी मागवण्याऐवजी वसतिगृहाचा पट मागवावा आणि पटावर जितकी नावं, अधिक कर्मचारी, तितकं औषध द्यावं, तेही दोन वेळचं. गोळ्या द्यायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण 15 किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायांना त्या देत नाहीत, त्यांना मलमच लागतं. मुलाच्या घरी आशाताईंकरवी त्याच आठवड्यात औषध पोचावं. आणि खरूज झाली म्हणून कुठल्याही मुलाला घरी पाठवू नये. पहिल्यांदा औषध लावून झालं की दुसऱ्या दिवशी ते वर्गात बसू शकतं.

आपली,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षिका