बाबा, छकुलीला नाचू द्या, आणि तुम्ही पण उठा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणाले की दादाच्या छकुलीला यंदा गॅदरिंगमध्ये नाचायला पाठवायचं नाही, सातवीत गेली, अभ्यास बुडतो आणि वाढत्या पोरीनं लोकांपुढे नाचणं बरं दिसत नाही. मी तेव्हा जास्त बोलली नाही कारण आवाज चढला असता, तुमचाही आणि माझाही. म्हणून लिहून पाठवते. चष्मा लावून निवांत वाचा आणि आईला पण मोठ्यानं वाचून दाखवा, कारण अर्धं पत्र तिच्यासाठीच आहे.

आधी अभ्यासाचं. इकडे गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या बाजूला घरी गोंडी बोलणारी लेकरं शाळेत येतात तेव्हा मराठीत दोन शब्द बोलायचे तर घाबरतात, भिंतीला चिकटून उभी राहतात, पण रेला, म्हणजे त्यांचा गोंडी नाच, सुरू झाला की एकमेकींच्या कमरेत हात घालून तीच लेकरं अशी उभी राहतात की मलाच नवल वाटते. रेल्यात कोणी एकटं पुढे पळू शकत नाही बाबा. ढोलाचा ठेका ऐकायचा, बाजूच्या पोरीचा पाय पाहायचा, गाण्याची पुढची ओळ डोक्यात ठेवायची आणि हे सगळं एकाच वेळी. वर्गात आम्ही मास्तर लोक दिवसभर याच लक्ष देण्यासाठी ओरडत असतो! आणि चुकलं तर तिथे कोणी लाल पेनानं गोल करत नाही, बाजूची पोरगी हातानं ओढून घेते आणि पुढच्या पावलाला पुन्हा जमते. चुकून परत सुरू करायची सवय छकुलीला पुढे किती कामी येईल ते तुम्हीच विचार करा. तिचं गणित कच्चं आहे ते नाचानं नाही, भागाकारच पक्का झाला नाही तिचा, तो मी दिवाळीच्या सुट्टीत बसून करून घेते.

दुसरं म्हणजे या वयात पोरींचं खेळणं घरचेच बंद करतात. आता मोठी झाली, आता घरात बस. आणि हाडं भरायचं वय नेमकं हेच असते, उड्या मारल्या, पाय आपटले की हाडावर जोर पडते आणि ते घट्ट होते. जागतिक आरोग्य संघटना तर ५ ते १७ वर्षांच्या लेकरांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत पाहिजे म्हणते. आपली छकुली शाळेतून आली की टीव्ही नाहीतर मोबाईल, तिची एवढी मेहनत होते कुठं? नाचाच्या प्रॅक्टिसमध्येच काय ती होते.

आणि बरं दिसत नाही म्हणता तर बाबा तुम्ही स्वतः लुगडं नेसून दंडारीत, आपल्या गावच्या नाचगाण्याच्या खेळात, नाचले आहात. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आजूबाजूच्या गावची लोकं बैलबंडीनं यायची आणि तुमची दंडार पाहूनच रात्री नाटकाला बसायची, हे आजी किती अभिमानानं सांगायची. तेव्हा घराण्याचं नाव गेलं नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात उभी हयात घालवणारे गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे, त्यांना २०२३ मध्ये सरकारनं पद्मश्री दिली, म्हणजे आपल्या मातीतल्या या कलेला दिल्लीपर्यंत मान आहे आणि आपल्याच घरात नको.

आता तुमच्या दोघांचं. शेत ठेक्यानं दिल्यापासून आई तू घराबाहेर निघत नाहीस हे मला इथून पण समजते, फोनवर तुझ्याकडे सांगायला काहीच नसते, पहिले धानाच्या रोवण्याच्या दिवसात गाणे म्हणत म्हणत बांधीत किती बोलायच्या तुम्ही साऱ्या. आणि मागच्या महिन्यात सडा टाकताना तोल गेला ते तू मला सांगितलंच नाहीस, वहिनीनं सांगितलं. तेव्हापासून माझ्या मनातून ते जात नाही.

तोल सांभाळायला नाच कसा कामी येते याबद्दल मी बरंच वाचलं. जर्मनीत माग्देबुर्ग नावाच्या शहरात सरासरी ६८ वर्षांच्या लोकांचे दोन गट केले, एक गट व्यायाम करायचा आणि एक नाच शिकायचा, आणि नाचवाल्यांना सारखे नवे नवे स्टेप द्यायचे म्हणजे डोकं पण चाललं पाहिजे. दीड वर्षानं पाहिलं तर मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग दोन्ही गटांत वाढला होता, पण तोल फक्त नाचणाऱ्यांचा सुधारला. हे २०१७ मध्ये छापून आलं. त्याच्या आधी २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ४६९ म्हाताऱ्या माणसांचं आलं होतं, सगळे ७५ च्या वरचे. त्यांना पाच-एक वर्षं पाहिलं की विसरायचा आजार कोणाला होते कोणाला नाही. वाचणारे, वाद्य वाजवणारे यांच्यात तो कमी दिसला, आणि शरीराच्या मेहनतीत चालणं, पोहणं, सायकल सगळं होतं पण फरक दिसला तो फक्त नाचणाऱ्यांत. आता नाचल्यानंच आजार टळला असं यावरून छातीठोक सांगता येत नाही, ज्यांची तब्येत मुळात बरी तेच नाचत असतील असंही होऊ शकते. पण मला यात तथ्य वाटते, कारण नाचताना पाय, कान, डोळे, आठवण आणि सोबतचं माणूस हे सगळं एकदम लागते, असं दुसरं काम मला तरी आठवत नाही.

म्हणून आई, संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना झाली की बायकांचं भजन होते ना तिथे जात जा आणि नुसती टाळ घेऊन बसू नको, पावली खेळ. भुलाबाईच्या गाण्यांवर फेर धरणारी तू, पाय विसरले नसतील. बाबांनी पण माणसांच्या भजनात उभं राहावं. पासष्टच्या वरच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकदीची मेहनत करावी असं सांगतात, तीन दिवस भजनाला गेलं तरी झालं. रात्री जेवण झाल्यावर अंगणात थोडं हललं तर बाबांच्या शुगरला पण बरं, हातापायाचे स्नायू चालले की रक्तातली साखर वापरतात.

फक्त उड्या नको, फुगडी तर अजिबात नको, बाबांचे गुडघे पाहता. ओल्या फरशीवर आणि सारवलेल्या ओल्या जागेवर नको. चक्कर आली, छातीत भरून आलं की लगेच बसायचं. सुरू करायच्या आधी एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी पाहून घ्या, बाबांच्या गोळ्या आहेत म्हणून डॉक्टरला विचारून घ्या. आणि लग्नातल्या त्या डीजेपुढे उभं राहू नका, कान जातात आणि हृदय धडधडते, त्यापेक्षा आपली ढोलकी कितीतरी बरी.

छकुलीच्या ड्रेसचे पैसे मी दादाच्या खात्यात टाकले. तिचा नाच दंडारीच्या गाण्यावर बसवायचा आहे असं तिच्या मॅडम म्हणाल्या, त्यांना पावलं दाखवणारं कोणी पाहिजे. बाबा, शनिवारी सकाळची शाळा असते, सुटली की तुम्ही जाऊन दाखवून या, मी मॅडमला तुमचं नाव सांगून ठेवलं आहे.

तुमची मोठी