न विचारता दिलेले आय ड्रॉप्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमचा पावणेदोन वर्षांचा मुलगा सकाळी उठला तो डोळे चिकटूनच, चिपडं अशी घट्ट बसलेली की डावा डोळा उघडेचना आणि तो बिचारा घाबरून हाताने चोळतोय. दोन दिवस सर्दी होतीच, त्यात सिंहगड रोडची धूळ, म्हटलं तेच असेल. नेहमीचे डॉक्टर रविवारी नसतात म्हणून मी घराजवळच्या एका मेडिकलमध्ये गेले आणि 'बाळाचे डोळे आलेत' एवढंच म्हटलं, तर वय नाही, चिठ्ठी नाही, काही न विचारता काउंटरवर ड्रॉप्स आले. 'दिवसातून चार वेळा घाला, दोन दिवसांत लाली जाते.'

घरी येऊन बारीक अक्षरं वाचली, त्यात अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. मी घातले नाहीत. सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं की स्टेरॉइडने लाली पटकन उतरते म्हणून लोक खूश होतात, पण आत हर्पिसचं इन्फेक्शन असेल तर बुबुळाला जखम वाढते आणि असे ड्रॉप्स खूप दिवस चालू राहिले तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदूसुद्धा होऊ शकतो. सर्दीबरोबर डोळे येतात ते बहुतेक व्हायरसमुळे, त्यावर अँटिबायोटिकचाही उपयोग नाही, आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं होतं.

मग आम्ही काय केलं, तर पाणी उकळून गार केलं, कापसाचा बोळा ओला करून पापणीवर थोडा वेळ ठेवला की चिपडं मऊ होतात, मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि बोळा फेकायचा, दुसऱ्या डोळ्याला नवीन. आधी-नंतर साबणाने हात. त्याचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा. (हे सगळं पावणेदोन वर्षांच्या मुलाला धरून करायला दोन माणसं लागतात, आणि एक लाथ खावीच लागते.) डॉक्टरांनी ड्रॉप्स दिलेच तर मूल डोळे गच्च मिटतं, तेव्हा झोपवून नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा, डोळा उघडला की आपोआप आत जातो, ही युक्ती मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

सासूबाई म्हणाल्या काजळ घाल, शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी सुचवलं, गावाहून फोन आला की आईचं दूध घाल. सगळ्यांचा जीव होता बाळावर, पण काजळात शिसं असू शकतं आणि बाकीचंही स्वच्छ असेलच असं नाही, डॉक्टरांनी तिन्हीला सरळ नाही म्हटलं. मूल उजेडाकडे बघत नसेल, पापणी सुजली असेल, ताप असेल, बुबुळावर पांढरट डाग दिसला किंवा बाळ महिन्याच्या आतलं असेल तर मात्र घरी थांबू नका.

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत डोळ्यांची साथ आली तेव्हा रोज रुग्णांचे आकडे छापून आले होते. पुढच्या वेळी आकड्यांशेजारी डोळा कसा पुसायचा आणि चिठ्ठीशिवाय कुठले ड्रॉप्स घ्यायचे नाहीत हे चार ओळीत छापाल का? ती बाटली मी परत करायला गेले होते, बिल नाही म्हणून घेतली नाही. बिल त्यांनीच दिलं नव्हतं.

– एक आई, धायरी, पुणे