सिस्टर, तुम्ही विचारायला शिकवलंत

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

हे पत्र चार बायकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. सासूबाईंना विचारूनच. "लिही, माझ्यासारख्या घरोघरी असतील," असं त्याच म्हणाल्या.

आईंचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरायची. सगळा जन्म दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत गेला. क्रेट उचलला की खाली गोळा उतरायचा, शिंक आली तरी लघवी गळायची. बाहेरगावी जाणं त्यांनी बंदच केलं होतं आणि कारण कुणाला सांगितलं नव्हतं. आधी दाखवलं तिथे पाच मिनिटांत "पिशवी काढून टाकू" म्हणाले आणि ऑपरेशनची तारीखही दिली.

आपली ओळख जिन्यात दिसण्यापुरती, तरी तुम्ही फाइल घेऊन आम्हाला घरात बसवलंत. ऑपरेशन थिएटरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या तुम्ही, एखाद्या डॉक्टरचं नाव सांगून मोकळ्या होऊ शकला असता. त्याऐवजी काय विचारायचं ते सांगितलंत. "पिशवी उतरते ती आधार सैल झाल्यामुळे. नुसती पिशवी काढून आधार घट्ट होत नाही. वरचं टोक नीट बांधलं नाही, तर पुढे योनीमार्गच खाली येऊ शकतो. म्हणून वरचा आधार कसा देणार, हे आधी विचारा." आईंना कळावं म्हणून तुम्ही कागदावर आकृती काढलीत. ती पाहून आई पहिल्यांदा स्वतःच्या दुखण्याबद्दल मोकळेपणी बोलल्या.

युरोगायनॅकॉलॉजी, म्हणजे बायकांचं अंग उतरणं, लघवी गळणं अशा त्रासांवर उपचार करणारी शाखा, हा शब्दही तुमच्याकडूनच कळला. ही शाखा तशी नवीच; अमेरिकेतही तिला २०११ मध्ये वेगळी मान्यता मिळाली. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, अशी ऑपरेशनं नेहमी करता का, हे विचारायला सांगितलंत. आधारासाठी कृत्रिम जाळी बसवणार का, हेही. योनीमार्गातून बसवायच्या जाळीची या आजारासाठीची विक्री अमेरिकेत २०१९ मध्ये थांबवायला लावली होती, हे ठाऊक नसतं तर आम्ही विचारलंच नसतं.

हे सगळं विचारल्यावर ज्या डॉक्टरबाई अजिबात वैतागल्या नाहीत, त्यांच्याकडेच आम्ही थांबलो. त्यांनी आईंना उभं करून, खोकायला लावून तपासलं. उतरलेल्या भागामुळे मूत्रनळीला बाक पडलेला असतो, ऑपरेशननंतर तो सरळ झाला की गळणं वाढूही शकतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. ऑपरेशन लगेच नको असेल तर आधारासाठी योनीमार्गात सिलिकॉनची रिंग बसवता येते, म्हणाल्या. आईंनी रिंग निवडली. ती काढायची, धुवायची, परत बसवायची, सगळं त्या स्वतः करतात. तपासणीच्या तारखा चुकवत नाहीत. ऑपरेशनचं हंगाम उरकल्यावर बघू म्हणतात, आणि तो निर्णय त्यांचाच आहे.

तुम्ही त्या संध्याकाळी दिलेला वेळ आम्ही विसरणार नाही. आता आईंच्या धाकट्या जाऊबाईंनाही हाच त्रास आहे, असं निघालंय. रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे आलो तर चालेल का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची सून